मशीनने नाकारलेले अंगठे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या बांधकाम कामगार संघटनेच्या सरचिटणीसांचे. मी त्यांना काका म्हणतो. वडील परांचीवरून पडून गेले, तेव्हा घोडेगावजवळच्या आमच्या गावी मातीला शहरातून आलेले ते एकटेच. त्यांनी आईला नगरला काम मिळवून दिलं, मला अभ्यासाला संघटनेच्या कार्यालयातली मागची खोली दिली आणि माझ्या कॉलेजच्या प्रवेशासाठी स्वतः रांगेत उभे राहिले. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी मजूर अड्ड्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हे आपलं पोरगं. आता आपला कागद परक्याकडून वाचून घ्यायला नको."

मग त्यांनीच मला संघटनेत कारकून केलं. नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असला की संघटनेचं सभासदत्व मिळतं, कामगाराची सरकारी कल्याण मंडळाकडे नोंद होते, अपघातात आणि आजारपणात मदत मिळते. ते दाखले मी लिहायचो. ठेकेदारांच्या सह्या आधीच केलेले कोरे कागद काकांच्या कपाटात असायचे. ते नाव सांगत, मी भरत असे. एक सलूनवाला, दोन हॉटेलवाले, काकांच्या मेहुण्याची सगळी भावकी. जन्मात घमेलं न उचललेली माणसं माझ्या अक्षरात गवंडी झाली. मला कळत होतं, तरी मी लिहीत राहिलो.

स्लॅबच्या कामावर जाणाऱ्या अकरा सभासद बायकांनी एकदा संघटनेच्या बैठकीत विचारलं, ही माणसं कुठल्या साइटवर असतात? उत्तर मिळालं नाही, तेव्हा त्या कोर्टात गेल्या. कोर्टाने संघटनेच्या निवडणुकीआधी सभासदांची यादी तपासायला एक निवृत्त अधिकारी नेमले.

पडताळणी कार्यालयातच झाली. टेबलावर अंगठ्याचं मशीन होतं. आधारशी अंगठा जुळला तर नाव राहणार, नाही तर जाणार. सलूनवाल्याने अंगठा टेकवताच हिरवा दिवा लागला. मेहुण्याच्या भावकीचेही सगळे अंगठे जुळले. बायकांची पाळी आली आणि मशीनने एकीचाही अंगठा घेतला नाही. इतकी वर्षं सिमेंट कालवून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच उरल्या नव्हत्या. आईची जुनी सोबतीण, माझी मावशीच ती, पदराला पुसून पुसून चार वेळा अंगठा टेकवत राहिली.

"साहेब, मशीन काय कुणाचं सोयरं न्हाई," काका म्हणाले. "या बाया आमच्या न्हाईतच."

"व्हय, तुमच्या न्हाईच आमी," मावशी म्हणाली. "साहेब, तुमच्या मशीनला मऊ हात लागत्यात. ह्यो सलूनवाला बघा की, दिसभर लोकांच्या गालाला क्रीम चोळतो. लई मोठा गवंडी!"

सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इथले कारकून ना? या बायकांना कामावर पाहिलंय?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"मी कार्यालयात असतो, साहेब," मी म्हणालो. "साइटवर जात नाही."

बाहेर पडताना मावशी माझ्यापाशी थांबली. "शिकलास रं बाबा," एवढंच म्हणाली.

साहेबांनी अकरा नावांवर फुली मारली. हरकत असेल तर आठ दिवसांत लेखी द्या, असं सांगितलं. पाचव्या दिवशी कामावर लोखंडी प्लेट पडून मावशीच्या पायाचा चुरा झाला. यादीतून नाव गेलं तर संघटनेमार्फत मंडळाकडे जाणारा उपचाराच्या मदतीचा तिचा अर्ज चालणार नव्हता. दवाखान्यात तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. सातव्या दिवशी मी काकांना पत्र पाठवलं.

"आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

उद्या सकाळी मी साहेबांकडे लेखी जबाब देणार आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. खोटे दाखले माझ्या अक्षरातले आहेत, नावं तुम्ही सांगितलीत, हे दोन्ही त्यात आहे. त्या अकरा जणींना मी लहानपणापासून कामावर पाहत आलोय आणि त्या दिवशी खोटं बोललो, हेही आहे. गुन्हा माझ्यावरही दाखल होईल, असं मी ज्यांना जबाब दाखवला ते वकील म्हणतात.

तुम्ही नसता तर मी शिकलो नसतो. हे मी जबाबात सुरुवातीलाच लिहिलं होतं. वकिलांनी ते खोडलं, त्याचा इथे संबंध नाही म्हणाले. म्हणून तुम्हाला लिहिलं.

काकूंना नमस्कार."