एका वेळी एकच प्रश्न

पत्नीला पक्षाघात झाला, उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. त्या प्रसंगी मी सर्वप्रथम काय केले, तर रुग्णवाहिका विलंबाने आल्याबद्दल सविस्तर तक्रार-अर्ज लिहिला. शेवगावात दिवाणी दाव्यांच्या कामात माझी हयात गेली. प्रश्न विचारावा आणि उत्तर वसूल करावे, हीच माझी रीत. परंतु घरी आणल्यावर हिने अन्नच नाकारले. चमचा ओठांशी नेताच दात घट्ट मिटत. डॉक्टरांनी बजावले, "असेच चालले तर नाकातून नळी घालावी लागेल." मी पलंगाशी उभा राहून विचारी, "भूक नाही? चव नाही? की माझ्यावर राग आहे? स्पष्ट सांग!" पाटी आणि खडूही पुढे ठेवला. हिला सारे समजत होते, शब्द तेवढा सापडत नव्हता. ती भिंतीकडे तोंड फिरवी.

सुनेच्या आग्रहावरून मी सोनईजवळच्या एका देवीला कौल लावण्यास गेलो. तेथे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. श्रद्धेने गेलो, असे शपथेवर सांगता येणार नाही. एका दमात विचारले, "ही बरी होईल का, केव्हा होईल, जेवत का नाही, आमचा अपराध कोणता?" कळ्या हलल्या नाहीत. मी चढ्या आवाजात म्हणालो, "उत्तर दे!"

रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई खेकसल्या, "ओ आबा, देवीची उलटतपासनी घेता व्हय? एका टायमाला एकच इचारायचं, अन् मंग गप बसायचं. तिला बी सवड लागती का न्हाई? उरका, माझी म्हैस टेम्पोत ताटकळलीय. घोडेगावच्या बाजाराला न्यावी का न्हाई, तेवढंच इचारायचंय मला!"

मी संतापून वळलो. पण बाईंचा मुद्दा बिनतोड होता. पुन्हा हात जोडले. "ती माझ्यावर रुसली आहे का?" एवढेच विचारले आणि थांबलो. बऱ्याच वेळाने डावी कळी ओघळली.

"झालं न्हवं? सरका आता," बाई म्हणाल्या, आवाज मात्र निवळला होता.

घरी आल्यावर मी हिच्या डाव्या हाताशी बसलो. "होय असेल तर हात दाब. भूक लागते?" थांबलो. अवकाशाने बोटे दाबली गेली. "मग भीती वाटते?" हिने माझा हात आवळला आणि डोळे भरून आले. आडवे असताना पाजलेल्या पाण्याने हिला ठसका लागून जीव घाबरा झाला होता, ते तेव्हा मला आठवले. "ठसक्याची?" पुन्हा होय.

डॉक्टरांना हे कळवताच त्यांनी हिला नीट बसवून, हनुवटी खाली ठेवून, दाट पेज थोडी थोडी भरवण्यास शिकवले. नळी टळली.

वाचा अद्याप परतलेली नाही. ती देवीच्या इच्छेवर सोपवली आहे. तगादा लावत नाही. कळी देवीने पाडली की ओल सुकल्याने पडली, याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. आयुष्यभर मी अर्जच केले. हा मजकूर अर्ज नव्हे, मिळालेल्या कृपेची पोच आहे. तो लिहिताना माझा डावा हात हिच्या हातात आहे. मी काहीही विचारलेले नाही. तरी हिने आत्ताच तो हलकेच दाबला.