रामनगर बाजारातले न वटलेले चेक

खोटी नोट गळ्यात पडली तर माणूस गप्प बसतो. गर्दी बघून दुसऱ्याच्या हातावर ठेवतो आणि मोकळा होतो. खोट्या चेकचं तसं नाही. तो बँकेतून शिक्का मारून परत येतो, आणि आज कुणाला टोपी बसली हे बँकेच्या शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं! मग लपवून काय उपयोग? एकानं सांगितलं की दुसरा म्हणतो, "ह्यात काय हाय, माझं ऐक की!" असं करत करत आमच्या रामनगरच्या बाजारात मालापेक्षा किस्सेच जास्त साठले.

माझं कापडाचं दुकान. शेजारी बसाप्पाण्णांचा किराणा. समोर नारायणमामांचं भांड्यांचं आणि पत्र्यांचं दुकान. संध्याकाळी गिऱ्हाईक पांगलं की आम्ही तिघं अण्णांच्या तांदळाच्या पोत्यांवर बसून चहा घ्यायचो. ऐंशी सालानंतरचे दिवस ते. धरणाची कामं, रस्त्याची कामं, लाकडाचे लिलाव. जोयडा तालुक्यात सगळीकडून बाहेरची माणसं येत होती. अंगात सफारी, बुडाखाली जीप आणि खिशात चेकबुक! आम्हाला जीप माहीत होती, सफारीचं कापड तर मीच विकत होतो. चेक तेवढा नवा होता.

*

बाजारातला पहिला चेक बसाप्पाण्णांना मिळाला. रस्त्याच्या एका कंत्राटदारानं जीप भरून तांदूळ, तेल, गूळ नेला आणि टर्रकन चेक फाडून दिला. अण्णा तो दोन्ही हातांत धरून घरी गेले. त्यांच्या बायकोनं, बसम्माक्कानं, पहिला चेक म्हणून देवापुढं ठेवला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर दुधाचे चार थेंबही शिंपडले.

सकाळी अण्णा बँकेत. मॅनेजर कामतसाहेब किनाऱ्याकडचे, कोकणी माणूस. त्यांनी चेक उजेडात धरला.

"बसाप्पा, सही खंय आसा रे?"

सहीच्या जागी नुसतं कुंकू! चेक परत.

कंत्राटदार पुढच्या खेपेला आला तेव्हा पोट धरून हसला. "अहो अण्णा, चेकला कुंकू लावतात होय? हा घ्या दुसरा." दुसरा चेक दिला आणि आणखी जीपभर माल नेला. अण्णांनी हा चेक घरी न नेता थेट बँकेत टाकला. खात्यात पैसेच नव्हते. तोही परत!

आम्ही म्हटलं, "अण्णा, फसलासा की हो!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "फसलो कुठं? ह्या खेपेला कुंकू लावलं न्हाई, म्हणून असं झालं!"

*

नारायणमामा मात्र भारी संशयी. अण्णांच्या फजितीनंतर ते चेकवरचं अक्षर न् अक्षर चष्मा लावून वाचायचे. एकदा एक दणकट माणूस पत्रे घ्यायला आला. मिशा अशा की त्यांच्यावर दोन लिंबं राहावीत. त्यानं चेक दिला. मामांनी सही वाचली.

"ही यल्लूबाई कोण?"

"मीच की."

"तुमी? यल्लूबाई?"

त्या माणसानं खाली मान घातली. "काय सांगू मामा. आमच्या अव्वाला पोरं जगत न्हवती. देवीला बोलली, पोरगा झाला तरी पोरीचं नाव ठेवीन म्हणून. जन्मभर लोक हसूलालेत बघा." आणि त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसले.

मामांचंही नाक लहानपणी अशाच नवसापायी टोचलेलं! भोक अजून दिसायचं. ते विरघळले. चहा मागवला, पत्रे स्वतः मोजून टेम्पोत चढवले, वर बांधायला दोरी फुकट दिली.

खरी यल्लूबाई निघाली खानापुराकडची एक म्हातारी. एसटीत तिची पिशवी चेकबुकासकट मारली गेली होती आणि तिनं बँकेला आधीच कळवलं होतं. कामतसाहेबांनी हसू दाबत विचारलं, "मामा, एवढ्या मिशा बघूनसुद्धा संशय आला नाही?"

मामा भडकले. "कसा येणार? ज्याला खोटंच नाव सांगायचं हाय तो चांगलं नाव सांगतोय की हो!"

*

आता माझं ऐका. मी हुशार, म्हणजे असं मला वाटायचं. एका गिऱ्हाइकाला म्हटलं, "चेक घेतो, खरं तारीख पगारानंतरची घाला." तो बिचारा लगेच तयार. महिनाअखेरीची तारीख घातली, एकतीस जून. मी चेक पेटीत जपून ठेवला.

तीस जूनला सकाळी निघालो तर आमची मंडळी म्हणाल्या, "आज कशाला भिजत जातासा? तारीख उद्याची हाय न्हवं?" म्हटलं, खरं हाय. दुसऱ्या दिवशी उठून कॅलेंडर बघतो तर जुलै लागलेला!

तरी गेलो बँकेत. कामतसाहेबांनी चेक उलटसुलट करून बघितला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "दत्ताशेट, चेकमध्ये काही दोष नाही. फक्त तुम्ही चुकीच्या दिवशी आलात. ह्या तारखेला या. पैसे मी स्वतः मोजून देतो!"

घरी येऊन सांगितलं. मंडळी म्हणाल्या, "मग ठेवा की पुढच्या जूनला!"

*

एवढं झाल्यावर अण्णांनी नियमच केला. चेक देणाऱ्यानं त्यांच्यासमोर पुडीच्या कागदावर आधी तीनदा सही करायची. तिन्ही जुळल्या तरच माल. लबाड लोक खटाखट करायचे, तिन्ही सह्या छापल्यासारख्या!

अडकले ते आमचे शाळामास्तर. त्यांच्याइतका सरळ माणूस तालुक्यात सापडायचा नाही. दिवाळीचं सामान घ्यायला आले, अण्णांनी कागद पुढं केला. मास्तरांना घाम फुटला. पहिली सही चढाला, दुसरी उताराला, तिसरी अर्ध्यावरच राहिली. अण्णांनी मान हलवली, तरी मास्तर म्हणून माल दिला. चेक बँकेतून परत! सही जुळत नाही.

मास्तर बँकेत गेले. कामतसाहेब म्हणाले, "खातं उघडताना केली होती तशी करा की, मास्तर. किती ठसठशीत सही होती!"

मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं."

*

परत आलेल्या चेकचं करायचं काय? बसम्माक्कानं उपाय काढला. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरची असते ना, त्याच दोऱ्यात तिनं ते सगळे चेक ओवले. एक मिरची, एक चेक, एक मिरची, एक चेक. वाऱ्यावर मजेत हलायचे.

एक दिवस सफारीतला एक गृहस्थ विड्या घ्यायला आला. विडी पेटवता पेटवता वर बघतो तर दोऱ्यात त्याच्याच नावाचा चेक! आम्ही तिघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. आता पळतोय बघा. पळायचं सोडून तो संतापला.

"अण्णा, ही सही माझी न्हाई!"

"नाव तुमचंच हाय की."

"नाव माझं हाय. खरं असला घाणेरडा 'र' मी काढत न्हाई. कुणीतरी माझ्या नावानं लोकांस्नी फसवूलालाय!" त्यानं दोऱ्यातला खालचा चेक ओढला आणि तो बघून त्याचा चेहरा खुलला. "हा बघा! हा माझा. बघा सही कशी झोकात हाय!"

अण्णा पोत्यावरून उठले. "म्हणजे हा तुमचा?"

गृहस्थानं विडीचा एक लांब झुरका घेतला. "सही माझी हाय, अण्णा. खातं न्हाई!"

आणि अण्णा पायरी उतरायच्या आत जीप सुरू करून गेलासुद्धा. विड्यांचे पैसे मात्र रोख देऊन गेला.

*

गुंद गावातल्या लग्नाचं सांगितल्याशिवाय मात्र तुम्हाला उठू देणार नाही.

एका उन्हाळ्यात एक माणूस बाजारात आला. पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलणं मऊ. म्हणाला, गुंदला माझ्या भाचीचं लग्न आहे. माझ्याकडं त्यानं शालू मागितला. शंभर गिऱ्हाइकं बघितली मी, पण पुरुषमाणसानं एवढा वेळ लावून शालू निवडलेला बघितला नाही. "पोर सावळी हाय, शेट. कुठला रंग शोभंल?" शेवटी लाल काठाचा हिरवा घेतला, वर वऱ्हाडातल्या बायकांना साड्या. मामांकडून हंडे, परात, समई. अण्णांकडून तांदूळ, गूळ, तेलाचे डबे. आणि तिघांना तीन चेक, बेळगावच्या एका बँकेचे.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यानं ओळखलं. खिशातून अक्षता काढून तिघांच्या हातावर ठेवल्या. "विश्वास न्हाई तर लग्नालाच या की! पत्ता सांगतो." आता, पत्ता सांगून, जेवायला बोलावून कोण फसवतो? घेतले चेक!

तिन्ही चेक परत आले ते लग्नाच्या आदल्या दिवशी.

अण्णा लाल झाले. "चला गुंदला. भर मांडवात गचांडी धरतो!" सकाळी अण्णांच्या टेम्पोतून निघालो. जोयडा मागं पडलं, रान दाट झालं, तसा आमचा रागही दाट होत गेला. मामांनी सोबत एक दांडकंही घेतलं होतं.

मांडवाच्या दारात टेम्पो थांबला. कुणीतरी विचारलं, "कुठले पाव्हणे?" अण्णा गरजले, "रामनगरचे! दुकानदार!"

विचारणारा आत पळाला. मग वाजंत्री जोरात सुरू झाली! मुलीचा बाप धावत आला, साधा भातशेती करणारा माणूस, आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यानं अण्णांचे पायच धरले. बायकांनी ओवाळलं. तिघांच्या डोक्याला फेटे बांधले. मामांनी दांडकं हळूच टेम्पोत टाकलं.

"शेट, देवासारखे आलासा," बाप म्हणाला. "तुमच्या मुनिमांनी सांगितलं व्हतं, शेट येतील म्हणून."

"आमचा मुनीम?"

"व्हय की. गेल्या पावसात हिकडं आलेले, तापानं फणफणलेले. माझ्या सोप्यावर पडून होते. पोरीनं पेज भरवली, काढा दिला. बरं होऊन जाताना म्हणाले, आमचे रामनगरचे तीन शेट हायेत, दर साली एका गरिबाच्या पोरीला लग्नाचं सगळं देतात. औंदा तुझ्या पोरीला देतील. आमाला वाटलं, उगाच म्हणतोय. खरं पंधरा दिसांमागं टेम्पो भरून सामान आलं की हो!"

"कुठं हाय तो मुनीम?" अण्णांनी विचारलं.

"सामान उतरवलं आन् गेले. दुसऱ्या गावाला काम हाय म्हणाले."

तेवढ्यात नवरी बाहेर आली. लाल काठाचा हिरवा शालू. काय सांगू तुम्हाला, त्या पोरीला तो रंग असा दिसत होता की मी दुकानात बसून आयुष्यभर डोकं खाजवलं असतं तरी दुसरा सुचला नसता. तिनं येऊन तिघांना वाकून नमस्कार केला. अण्णा डोळे पुसत म्हणाले, "सुखी ऱ्हा, अव्वा."

आमच्याच तांदळाचा भात आम्ही जेवलो. मध्येच एका म्हाताऱ्यानं उभं राहून आहेर पुकारला, "रामनगरच्या शेटजींकडून शालू, भांडी आन् आख्खं जेवाण!" टाळ्या पडल्या. अण्णांना इतका जोर चढला की त्यांनी खिशातले अकरा रुपये आणखी काढून दिले! निघताना शेजारच्या गावांतले दोन बाप टेम्पोजवळ हात जोडून उभे. पुढच्या साली कुणाचा नंबर, एवढंच विचारायला!

टेम्पोत चढणार तेवढ्यात मुलीला घेऊन तिचा बाप आला आणि त्यानं एक पाकीट दाखवलं. "मुनिमांनी स्वतःचा आहेर पण दिलाय, पोरीच्या हातात. ह्याचं काय करायचं हो, शेट?"

आत चेक! एकशे एक रुपयांचा. तीच बँक, तीच सही.

आम्ही तिघंही तो चेक बघत उभे. अण्णा म्हणाले, "पोरी, दे हिकडं, मी बदलून रोख देतो." तिनं बापाच्या हातातलं पाकीट घेऊन छातीशी धरलं. "नको, अण्णा. त्यांनी स्वतःच्या हातानं दिलाय." तिचं सासर बेळगावाकडचं. नवरा बँकेत घेऊन जाईल म्हणाली.

परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "पोरीचं तोंड आठवतंय रे, दत्तू. बँकेत काय होईल तिचं?"

पावसाआधी मुलीचा बाप बाजारात आला. फणसाचे पापड घेऊन. "पोर खुशीत हाय, शेट. चेकचे पैसे मिळाले. त्यातनं तिनं कोंबड्या घेतल्या!"

माझा काही विश्वास बसला नाही. माल आणायला बेळगावला गेलो तेव्हा मुद्दाम त्या बँकेत शिरलो. खिडकीपलीकडच्या कारकुनाला आमचे तिन्ही परत आलेले चेक दाखवले आणि विचारलं, "ह्याच खात्याचा एकशे एकचा चेक पास झाला का हो?"

त्यानं बघून सांगितलं, "हो, झाला की."

"मग आमचे कसे परत आले?"

"शेट, पास कुठून होणार? तो माणूस पैसे भरायला आला होता तेव्हा मीच खिडकीवर होतो. एकशे एकच भरले होते त्यानं!"