निघण्याआधी बसणाऱ्या बाई

बाईंना मुलांशी खोटं बोलता येत नसे. मोठ्यांशी त्या बिनदिक्कत खोटं बोलत. मी त्यांच्या लंडनमधल्या, एजवेअरच्या घरातली भाडेकरू. माझी भाजी कितीही खारट झाली तरी “छान झालीय हो” म्हणायच्या. पण शिकवणीच्या पोराने “मी पास होईन का?” विचारलं, की चष्मा काढून खरं तेच सांगायच्या. “मुलांना सगळं कळतं गं, फक्त उशिरा. तेव्हा आपण समोर नसतो.”

दर गुरुवारी त्या हॅम्पस्टेडला एका रशियन कुटुंबात आन्या नावाच्या मुलीला गणित शिकवायला जात. आन्याची आजी जुन्या सरदार घराण्यातली. भिंतीवर मिशाळ पूर्वज, कपाटात चांदीचे चमचे. “आपल्याकडच्या इनामदारांसारखंच,” बाई म्हणायच्या. “इनाम गेलं, ताठा राहिला.” आन्यावर मात्र त्यांचा फार जीव होता.

एकदा सुट्टी आहे हे विसरून बाई तिथे पोचल्या, तर सगळं घर कोट घालून, माना खाली घालून, बॅगांवर गप्प बसलेलं. बाईंना वाटलं, कुणीतरी गेलं. त्याही हात जोडून कोपऱ्यात बसल्या, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. एवढ्यात सगळे हसत उठले! लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्यांनी क्षणभर गप्प बसायचं, ही त्यांची रीत. “आपण निघताना किती बडबडतो नाही?” घरी आल्यावर बाई म्हणाल्या. त्यांना ती रीत आवडली होती.

मग एका गुरुवारी सकाळी आन्याच्या आईचा फोन आला. ते लंडन कायमचं सोडत होते. आन्याला वाटत होतं, चार दिवसांच्या सहलीला जायचंय. “तिला सांगू नका, रडून गोंधळ घालेल. विमानात बसल्यावर आम्ही सांगू. आज तुमची पुस्तकं घेऊन जा.” बाईंनी नाइलाजाने कबूल केलं आणि दुपारपर्यंत विनाकारण ओटा पुसत राहिल्या.

पुस्तकं उचलायला मी बरोबर गेले. शिकवणी संपली. दारापर्यंत सोडायला आलेल्या आन्याने विचारलं, “नेक्स्ट थर्सडे फ्रॅक्शन्स ना, बाई?”

बाईंनी कोट घातला आणि दाराजवळच्या बाकावर हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या.

आन्या हसली. “बाई, यू आर ओन्ली गोइंग टू एजवेअर!” मग तिचं हसू थांबलं. तिने जिन्यात उभ्या असलेल्या आजीकडे पाहिलं. आजीने मान खाली घातली. “हू इज गोइंग?” ती पोर येऊन बाईंना चिकटून बसली.

संध्याकाळी आन्याची आई फोनवर ओरडत होती. “मी एक शब्दही बोलले नाही,” बाईंनी सांगितलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, “पण सांगितलं मीच. बरं केलं की वाईट, कोण जाणे.” आन्याची पुढे काहीच खबर आली नाही. त्यानंतरचे कितीतरी गुरुवार बाई खिडकीशी नुसत्या बसून असत. मला त्या बाईचा, आन्याच्या आईचा, आजही राग येतो.

दोन हिवाळ्यांनंतर बाई जिन्यात पडल्या. कॉव्हेंट्रीहून मुलगा न्यायला आला. किचनमध्ये मला हळूच म्हणाला, “आई आता इथे परत येणार नाही. घर एजंटकडे दिलंय. पण प्लीज तिला काही बोलू नका हं, उगाच अपसेट होईल. तिकडे सेटल झाली की सांगतो मी.”

तो बॅग घेऊन गाडीकडे गेला. बाई काठी टेकत दाराशी आल्या. “तुळशीला पाणी घाल गं. पुढच्या आठवड्यात येतेच मी.”

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि हात मांडीवर ठेवले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून, डिकी लावणाऱ्या मुलाकडे पाहिलं. सावकाश चष्मा काढला.

“सरक जरा,” म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.