निरोपाच्या दिवशीची मोजणी

जमीन मोजणीच्या कचेरीत आमचे साहेब घडीभरही स्वस्थ बसत नसत. माझे नकाशे ते उभ्यानंच तपासायचे.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडले, भाषणं सुरू झाली, तरी त्यांची चुळबूळ थांबेना. एकदम माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बेल्याच्या म्हातारीच्या वावराचा नकाशा पटून नाही राह्यला मले. गाडी काढ."

"आज, साहेब? लोक बसले हायेत."

"उद्या माही सही चालते का?"

मोटरसायकलवरून आम्ही बेल्याला गेलो आणि कापसाच्या शेतात पुन्हा मोजणीची साखळी टाकली. म्हातारीची विहीर मी शेजाऱ्याच्या हद्दीत दाखवली होती. साहेबांनी बांधावरच नकाशा दुरुस्त केला, खाली 'तपासणीत माझी चूक झाली' असं लिहिलं आणि सही केली.

"असं काऊन लिहिलं, साहेब? चूक तर माही होती."

"तपासलं मी होतं. अन् तुले अजून लय वर्सं नोकरी करायची हाय."

परतलो तेव्हा लोक पांगले होते. आभाराचे दोन शब्द मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात साहेब फाटकाबाहेर पडलेसुद्धा. ते दोन शब्द अजून सांगायचे राहिलेच आहेत.