एका दिवसाला एक चूक

दुसरीच्या वर्गाच्या दारावर दर महिन्याला एक कागद लागतो. या महिन्यात मुलं काय शिकणार ते बाई त्यावर मोठ्या, गोल अक्षरांत लिहितात, म्हणजे पोराला सोडायला आलेल्या आईबापांना उभ्या उभ्या वाचता यावं. या महिन्याच्या कागदावर होतं: हातच्याची बेरीज, बी कसं रुजतं, आणि शाळेपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता सांगणं. एक गोष्ट मात्र बाई त्या कागदावर कधीच लिहीत नसत. फळ्यावर त्या रोज एक चूक मुद्दाम करत आणि ती पकडायची कामगिरी मुलांवर सोपवत. एका दिवसाला एकच चूक, असा नियम. ती पकडली गेली की बाई कपाळाला हात लावत आणि वर्ग छप्पर उडेल इतका हसे. अख्खी शाळा पाठीमागे त्यांना 'चुकीच्या बाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या खोडीचं मूळ बाईंच्या वडिलांत होतं. वडील पेशाने ड्रायव्हर, नाकावर माशी बसू न देणारे. मावशीच्या लग्नाला सगळं घर गाडीत कोंबून निघाले आणि पुलापाशी डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळले. आईला कळलं, काकांना कळलं, मागे एकमेकांच्या मांडीवर बसलेल्या पोरांनाही कळलं. पण बोलणार कोण? सगळे आपापल्या खिडकीतून झाडं बघत बसले. पोचले तेव्हा हॉलमधली माणसं खुर्च्या गोळा करत होती. वडील जन्मभर म्हणत राहिले, "एकानं तरी तोंड उघडायचं!" आणि आई जन्मभर पुटपुटत राहिली, "उघडून बघायचं होतं." मोठ्या माणसाला 'तुम्ही चुकलात' असं तोंडावर सांगता येणं हे पाढ्यांच्या आधी शिकवायला हवं, असं बाईंचं ठाम मत झालं ते तिथून.

आणि इतकी वर्षं ते मत छान चाललं होतं. मग वर्गात ठकू आली.

ठकू दुसऱ्या शाळेतून आलेली. आई इस्त्रीचं दुकान चालवायची, त्यामुळे पोरीच्या गणवेशाला एक सुरकुती शोधून सापडली नसती. वागणंही तसंच, घडी न मोडलेलं. बसायची ताठ, लिहायची नेटकं, विचारल्याशिवाय तोंडातून ब्र काढायची नाही. अशी मुलं बाईंना जरा काळजीतच टाकत. पण नवीन आहे, रुळेल, म्हणून त्यांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

एका सकाळी ठकूची आई दारातच उभी. चेहरा इस्त्रीइतकाच तापलेला.

"बाई, राग मानू नका, पण विचारते. काल गिऱ्हाइकाचे कपडे मोजत होतो. एका गठ्ठ्यात अठ्ठावीस, दुसऱ्यात पंधरा. मी म्हटलं त्रेचाळीस. ही म्हणते तेहतीस. बाईंनी फळ्यावर असंच केलंय, म्हणे, वरती हातचा देतच नाहीत. भांड भांड भांडली आणि रडत झोपली. आता उरलेल्या दहा कपड्यांचं गिऱ्हाइकाला काय सांगू, बाईंनी खाल्ले?"

बाईंना हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. "अहो ताई, ती चूक मी मुद्दाम केली होती. मुलांनी लगेच पकडलीसुद्धा."

"मुद्दाम?" आई बघतच राहिली. "माझ्या पोरीला तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि तुम्ही तिला मुद्दाम चुकीचं दाखवता? हे दारावर तरी लिहायचं होतं. महिना संपेपर्यंत बघते, नाहीतर तिला शेजारच्या वर्गात घालते. तिथल्या बाई सरळ शिकवतात म्हणे."

बाईंनी मधल्या सुट्टीत ठकूला जवळ घेतलं. "मुलांनी चूक पकडली, ते तू ऐकलं नाहीस का गं?"

"ऐकलं."

"मग?"

ठकूने आधी दाराकडे पाहून घेतलं, कोणी ऐकत नाही ना ते. मग हळूच म्हणाली, "मुलं उद्धट आहेत, बाई. तुमच्यावर ओरडतात. तुम्ही चांगल्या आहात म्हणून त्यांच्या मनासारखं करता. पण खरं ते आधीचंच असतं ना?"

आधीच्या शाळेत बाईंना मध्येच टोकलं की दारात उभं राहावं लागे, एवढं ठकूला पक्कं माहीत होतं. ज्या गमतीत बाकीची पोरं मोठी होत होती, त्याच गमतीत ही पोर रोज एक चूक मनापासून पाठ करत होती. बाईंना फार वाईट वाटलं. ठकू शेजारच्या वर्गात गेली तर बेरीज शिकली असती, यात शंका नव्हती. पण मग ती तशीच खिडकीबाहेर झाडं बघणारी राहिली असती.

दोन दिवस बाईंनी फळा एकदम निर्दोष ठेवला. पहिल्या बाकावरचा एक दणदणीत आवाजाचा मुलगा होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याने काळजीने विचारलं, "बाई, आज चूक नाही? बरं वाटत नाहीये का?" त्यांनी ठकूलाही पुन्हा पुन्हा समजावलं. ती दर वेळी मान डोलवायची. पण ती मान समजून डोलत नव्हती, हुकूम म्हणून डोलत होती, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर बाईंना तेवढं ओळखता येत होतं.

मग त्यांना एक सुचलं. सकाळी वर्ग भरायच्या आधी त्यांनी ठकूला व्हरांड्यात गाठलं. "आजची चूक तू ठरवायची. आपल्या दोघींतच."

ठकू घाबरली. "मी? मला चूक येत नाही, बाई."

"सोपं आहे. आधी बरोबर उत्तर काढायचं, मग ते बिघडवायचं. घे, अठ्ठावन्न आणि सव्वीस."

ठकूने बोटांवर मोजलं, ओठ हलवले. "चौऱ्याऐंशी." मग तेच बोटांवर पुन्हा मोजलं. "आणि हातचा द्यायचा विसरलं, तर... चौऱ्याहत्तर." तिने मान वर केली. डोळे एवढाले झाले होते. "बाई, ते कपडे त्रेचाळीसच होते!"

"त्रेचाळीसच होते."

"आईला सांगायला पाहिजे," ठकू म्हणाली आणि पहिल्यांदाच बाईंच्या आधी वर्गात पळाली.

बेरीज सुटली, हे झालं. पण बाईंच्या मनातलं घोडं अडलं होतं ते पुढेच. चूक कळणं वेगळं आणि ती बोलून दाखवणं वेगळं. वडिलांच्या गाडीत कळलं तर सगळ्यांनाच होतं.

बाईंनी फळ्यावर तीन बेरजा मांडल्या. मधल्या बेरजेत ठरल्याप्रमाणे चौऱ्याहत्तर लिहिले आणि चोरून ठकूकडे पाहिलं. ठकू दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती, हसू नाकातून बाहेर पडत होतं. ते बघण्याच्या नादात बाईंनी तिसरी बेरीज कशी लिहिली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"हातचा गेला कुठे?" भोंग्याने आरोळी ठोकली. वर्गाने टाळ्या पिटल्या, बाईंनी कपाळाला हात लावला, उत्तर दुरुस्त केलं. आजची चूक सापडली, म्हणजे आता काही शोधायचं नाही. मुलं वह्यांत डोकं घालून लिहायला लागली.

ठकूचा हात मात्र हळूहळू वर आला. कोपरापर्यंत, मग सगळाच.

"बाई, अजून एक आहे."

"पकडली की आम्ही!" भोंगा म्हणाला. "एका दिवसाला एकच असते."

"मला माहितीये." ठकू उभी राहिली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "बाई, ही आपण ठरवली नव्हती. ही तुमची तुम्हीच केलीय."

बोलून झालं आणि तिला आपण काय बोललो ते कळलं. ती पांढरीफटक पडली. नजर आपोआप दाराकडे गेली.

बाई फळ्याकडे वळल्या. एकोणचाळीस अधिक चव्वेचाळीस, त्र्याण्णव. हातचा दोनदा धरला होता. इतक्या मुलांसमोर, मनापासून, खरीखुरी चूक. त्यांचे कान गरम झाले. अशा वेळी किती लाज वाटते ते त्या मुद्दाम चुका करता करता विसरूनच गेल्या होत्या. कपाळाला हात लावायचं नाटक काही त्यांना जमलं नाही.

"हो गं," त्या म्हणाल्या. "चुकले मी."

त्यांनी खडू पुढे केला. ठकू बाकांच्या मधून आली, तळहाताने नऊ पुसला, तिथे नीट आठ लिहिला आणि खडू परत दिला. जाता जाता तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, थबकली आणि फक्त बाईंनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "होतं असं कधी कधी, बाई."