उचललेला भंडारा

श्रद्धा घरात ठेवावी, मतदान केंद्रात नेऊ नये, हे मी वाशीमच्या एका दैनिकात वीस वर्षे वेगवेगळ्या मथळ्यांखाली लिहिले. माझे नाव मात्र शेलूबाजारजवळच्या आमच्या गावाच्याच मतदार यादीत राहिले.

गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या प्रभागाची जागा महिलांसाठी राखीव होती. शेजारच्या वहिनी भाजीपाला पिकवून बाजारात विकतात. मळ्याच्या वस्तीपर्यंत नळ यावा, यासाठी त्या धडपडत होत्या. मीच आग्रह करून त्यांना उभे केले.

"तुमच्या भरोशावर उभी राहून राह्यली मी, भाऊजी," त्या म्हणाल्या.

समोर माझ्या चुलतभावाची बायको. प्रचार अर्थात चुलतभाऊच करत होता. मतदानाच्या आदल्या सकाळी तो ताट घेऊन आमच्या ओसरीवर आला. ताटात हळदीचा भंडारा, वर बेलाचे पान. भंडाऱ्यासह ते पान उचलले की देवासमोर मताचा शब्द दिला, असा रिवाज.

आईने उचलले. ताट माझ्यापुढे आले.

"हा कायले उचलते? पेपरवाला हाय, देव नाही मानत," चुलतभाऊ हसला.

"मानत नाही, म्हणूनच उचलतो," मी म्हणालो आणि उचलले. न मानलेल्या देवाची शपथ मला लागू होत नाही, हा युक्तिवाद मला इतका आवडला की त्यावर लेख लिहावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर बोट वहिनींच्या चिन्हापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मी काल हात साबणाने दोनदा धुतले होते, हे तेव्हा आठवले. कशासाठी, ते सांगता येईना.

"दाबा साहेब, रांग मोठी आहे," पडद्यापलीकडून अधिकारी म्हणाले.

मी चुलतभावाच्या बायकोचे बटण दाबले.

दोन दिवसांनी मतमोजणी झाली; वहिनी एका मताने पडल्या. संध्याकाळी त्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या.

"म्या तं तुलेच देलं," आई त्यांना म्हणाली.

"आन् भंडारा?" मी विचारले.

"देवाले आधीच सांगून ठेवलं होतं. हा ताट घेऊन येईन, मी उचलीन, पन मत हिलेच देईन. देव काय आपल्या भावकीतला हाय, रुसाले?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "एकच मत, भाऊजी. कोन फुटलं असन? तुमाले तं सारं मालूम राह्यते."

"मतदान गुप्त असते, वहिनी," मी म्हणालो.