भिंतींना पाणी

दिंद्रुडच्या शिवेवर तात्याबाचं घर आहे. दगडी जोतं, दीड वीट जाडीच्या भिंती आणि वर भक्कम स्लॅब. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी मोठा बागायतदार राहत असेल. पण तात्याबा हाडाचा मेंढका. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, तेलगावकडच्या तुटलेल्या उसाच्या फडांतून, वेचून झालेल्या कपाशीतून चारत चारत पार गोदाकाठ गाठायचा, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि मिरगाच्या तोंडावर परत यायचं. बिऱ्हाड घोड्यावर. पाल, भांडी, कोंबड्या, लहान लेकरू, सगळं त्या एका मुक्या जनावराच्या पाठीवर.

सत्यभामा, त्याची बायको, उभी हयात त्या घोड्यामागं चालली. हसतमुख बाई. पाल ठोकायला आणि उचलायला नवऱ्यापेक्षा चपळ. पण पुढं गुडघे धरायला लागले, तशी ती हळूच म्हणायला लागली, "आवं, एक खोली बांधा आता. गडीमाणसाचं काय, झाडाखालीबी घोरतंय."

तात्याबाला घर नको होतं असं नाही. उलट फार हवं होतं, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. ज्याचं घर रोज सकाळी गुंडाळून घोड्यावर चढतं, त्याच्या मनातलं घर कसलं असणार? कुणाच्या बापाला हलणार नाही, असलं. ते बांधायला तो दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचा.

सत्यभामेचा धाकटा भाऊ सुग्रीव परळीला घराच्या तयार भिंती बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. सिमेंटात कोळशाची राख कालवून तिथं मोठमोठ्या पाट्या ओतत. भाऊबीजेला आला तो हाच विषय घेऊन.

"दाजी, पाट्या आमच्याकडंच वाळून पक्क्या हुत्यात. हितं नुसते लोखंडी खांब रवायचे, पाट्या बसवायच्या, सांधे भरायचे. तुमी मेंढरं काढायच्या आदी घर उभं. वाळू न्हाई, पाणी मारणं न्हाई. वजनाला हलकं, तवा काळ्या मातीत पाया लई खोल घ्याया लागत न्हाई. मधी थर्माकोलचा हलका दाणा भरल्याला असतोय, उन्हाळ्यात खोली तापत न्हाई. आन उद्या जागा बदलायची म्हणलं तर खोलूनबी नेता येतंय."

शेवटचं वाक्य बोलला नसता तर कदाचित सगळंच वेगळं झालं असतं. तात्याबाचं डोकं तिथं फिरलं.

"खोलून नेता येतंय? मंग त्याच्यात आन माझ्या पालात फरक काय राह्यला बे?"

तरी बायकोच्या आग्रहाखातर तो परळीला नमुन्याची खोली बघायला गेला. भिंतीवर बोटांनी टकटक केलं, कान लावला, आणि डब्यागत वाजतंय म्हणून बाहेर येऊन बिडी पेटवली. सत्यभामा आत तशीच बसून राहिली. भिंतीला तळवा टेकवून म्हणाली, "गार हाय वो." ते त्याने ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या वर्षी हट्टाला पेटून तात्याबानं पाया खोदायला घेतला. पावसाळ्यात घरी असताना त्या चिकट काळ्या मातीत काही करता येत नव्हतं, त्यामुळे बांधकाम दिवाळीनंतरच व्हायचं. आता विटेच्या भिंतीची एक खोड असते. गवंडी बांधून आपल्या घरी जातो, पण भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. नाही मारलं तर सिमेंट जळतं, भिंत कच्ची राहते. नांदत्या घरात हे काम येता-जाता होऊन जातं. मेंढक्याच्या घरी मात्र दिवाळीनंतर माणूसच नसतं.

"तू ऱ्हा," तात्याबा म्हणाला. "तसंबी तुला चालवत न्हाई."

इतक्या वर्षांत ती दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. सत्यभामेनं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, नवऱ्याचं आणि लेकाचं, परमेश्वरचं, धोतर-सदरा गाठोड्यात बांधून दिलं आणि विटांच्या ढिगाशेजारी चार पत्र्यांच्या आडोशात राहायला गेली.

एका उन्हाळ्यात होईल म्हणून काढलेलं काम तीन उन्हाळे चाललं. कोकरं विकली की विटा यायच्या. गवंडी तर पाहुण्यासारखा, आला तर आला. थोडं बांधायचा, निघून जायचा, आणि मागं सत्यभामा पाणी मारत बसायची. चैत्रात बोअर आटलं की दोन शेतं ओलांडून विहिरीवरून हंडे आणायची. घोड्यामागं रिकामं चालवत नव्हतं म्हणून मागं ठेवलेली बाई डोक्यावर भरला हंडा घेऊन चालत होती, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. स्लॅब टाकला त्या साली तर शिडी चढून वर पाणी साठवायचं होतं. तेही तिनं केलं. उन्हाचा चटका बसला, ताप आला, छातीत दुखायला लागलं, पण मिरगाला मेंढरं परतेपर्यंत तिनं तोंडातून शब्द काढला नाही.

घरभरणी थाटात झाली. गाव जेवलं. तात्याबा येईल त्याला भिंतीवर बुक्की मारून दाखवत होता. सत्यभामेनं त्या घरात एक पावसाळा काढला, तोही बराचसा अंथरुणावर. दिवाळीच्या आधीच ती गेली.

पुढं परमेश्वरचं लग्न झालं, मोहिनी घरात आली. नव्या जोडप्याला स्वतंत्र खोली हवी म्हणून परमेश्वरनं मामालाच फोन लावला. सुग्रीवचा ट्रक पाट्या घेऊन आला, तेव्हा तात्याबा जोत्यावर बसून बघत होता. खांब उभे राहिले, पाट्या एकीत एक बसत गेल्या, सांधे भरले गेले. आठवडा उलटायच्या आत मोहिनीनं उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलंसुद्धा.

"आन पाणी कोण मारणार?" तात्याबानं विचारलं.

"लागत न्हाई दाजी," सुग्रीव बोल्ट आवळत म्हणाला. "तवाच म्हणलो हुतो."

टोमणा नव्हता. टोमणा मारायचा असता तर त्याला बहिणीच्या तेराव्यालाच मारता आला असता. तात्याबा उठून घरात गेला, आणि आपण बांधलेल्या भिंतीकडे बघून त्याला पहिल्यांदा तिची शिसारी आली. एवढी जाड भिंत कशासाठी हवी होती आपल्याला? कुणाला दाखवायला? तीन उन्हाळे बाई वाळत गेली आणि भिंत तेवढी पक्की झाली.

दिवाळी झाली. परमेश्वर आणि मोहिनीनं खोलीला कुलूप घातलं आणि मेंढरं काढली. दोघं बरोबर निघाली, कुणाला मागं ठेवायची गरजच नव्हती. "मामा, तुमीबी चला की," सून सासऱ्याला म्हणाली. पण आता तात्याबाचे गुडघे गेले होते. तो जोत्यावर उभा राहून घोडा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

पहिले काही दिवस त्यानं अंगण झाडलं, देवळापर्यंत जाऊन आला. मग बोलायलाच कुणी उरेना. दिवस सरता सरत नव्हता. आणि त्याला तर डोक्यावर स्लॅब होता, दारासमोर नळ होता.

एका संध्याकाळी परमेश्वरचा फोन आला. "आबा, जेवलात का?"

"व्हय."

"एकट्याला करमतंय का वो? अंगात कसंकसं न्हाई ना?"

त्या तीन उन्हाळ्यांत तात्याबाही असाच संध्याकाळी कुणाच्या तरी बांधावरून घरी फोन लावायचा. पलीकडून सत्यभामेचा आवाज आला की त्याचा पहिला प्रश्न, "मारलं का पाणी?" ती म्हणायची, "मारलं." मग तो समाधानानं फोन ठेवून द्यायचा.

"आबा? आवाज येतोय का माझा?"

"येतोय," तात्याबा म्हणाला. "तुझ्या आईला म्या हे एकदाबी इचारलं न्हाई रे."